संगणक पडून पुन्हां उठतो कसा?

मनुष्य आजारी पडला म्हणजे तो कण्हतो, घरच्यांस हांक मारतो, आणि निदान कोठें दुखतें एवढें तरी वैद्याला सांगतो. परंतु जो झोपेंतून जागाच होत नाहीं, तो आपलें दुखणें कोणाला सांगणार? संगणकाची अवस्था कित्येकदां अशीच होते. चालू असतांना त्यांत कांहीं बिघाड झाला, तर तो पडद्यावर तसें लिहून दाखवूं शकतो. कारण लिहून दाखविणारी आज्ञावली त्या वेळीं जागी असते. पण सुरू होतांनाच तो कोसळला, तर तक्रार करणारी आज्ञावलीच अद्याप उठलेली नसते. अशा यंत्रानें आपण पडलों हें ओळखावें कसें, आणि ओळखलें तरी उठून बसावें कसें? हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कारागिरांचा वाटतो. पण रुग्णालयें, बँका, विमानतळ, रेल्वेचीं तिकिटें आणि खिशांतला फोन हीं सर्व आज ज्या यंत्रांवर अवलंबून आहेत, तीं रोज नीट जागीं होणें ही लक्षावधि लोकांच्या रोजच्या व्यवहाराची गरज आहे. म्हणून या प्रश्नाचें उत्तर सामान्य मनुष्यानेंही समजून घेण्यासारखें आहे.

त्यासाठीं प्रथम संगणक जागा कसा होतो हें पाहिलें पाहिजे. संगणकाची स्मृति दोन प्रकारची असते. एक शाळेंतल्या पाटीसारखी. तिच्यावर लिहिणें आणि वाचणें अत्यंत जलद होतें, पण वीज गेली कीं पाटी कोरी! दुसरी वहीसारखी. ती म्हणजे डिस्क. तिच्यावर लिहिलेलें वीज गेल्यावरही टिकतें, पण तें वाचावयास वेळ अधिक लागतो. संगणकाचें रोजचें सारें काम पाटीवर चालतें. उलट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कळफलक, पडदा, डिस्क आणि इतर सर्व आज्ञावल्या यांचा कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली, ती वहींत लिहिलेली असते. बटण दाबल्यावर तिला वहींतून पाटीवर उतरवून घ्यावें लागतें. आतां हें उतरवून घेण्याचें काम करावयासही एक आज्ञावली हवी, आणि पाटी तर कोरी! म्हणजे जागें करणाऱ्यालाच आधीं कोणीतरी जागें केलें पाहिजे.

बुटाचे पट्टे धरून स्वतःच स्वतःला वर उचलणें, अशा अर्थाचा इंग्रजींत एक वाक्प्रचार आहे. त्यावरूनच संगणक सुरू होण्याला ‘बूट होणें’ हें नांव पडलें. पूर्वीं ही अडचण मनुष्याच्या हातानें सोडविली जात असे. सन १९७५ मध्यें अमेरिकेंत ‘आल्टेअर ८८००’ नांवाचा एक छोटा संगणक निघाला. त्याच्या दर्शनी भागावर लहान लहान खटक्यांच्या ओळी होत्या. मालकानें खटके वर-खालीं करून पहिल्या कांहीं आज्ञा स्वतःच्या हातानें पाटीवर भरावयाच्या, आणि मग तेवढ्या आज्ञांनीं पुढची मोठी आज्ञावली आंत ओढून घ्यावयाची, असा क्रम असे. यंत्र बंद केलें कीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच खटाटोप. एक खटका चुकला कीं सर्व श्रम व्यर्थ. परंतु त्यांत एक सोय होती. यंत्र उठलें नाहीं, तर त्याला उठविणारा मनुष्य शेजारींच बसलेला असे. काय चुकलें तें त्याच्या डोळ्यांदेखत चुकलेलें असे.

पुढें खटक्यांचें हें काम एका चिपमध्यें कायमच्या कोरलेल्या छोट्या आज्ञावलीकडे आलें. तिला पूर्वीं बायॉस म्हणत. अलीकडील बहुतेक संगणकांत तिची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीनें घेतली आहे. वीज येतांच ही आज्ञावली प्रथम स्वतःच्या घरची पाहणी करते. स्मृति ठीक आहे कीं नाहीं, कळफलक आहे कीं नाहीं, डिस्क सांपडते कीं नाहीं, हें ती पाहते. नंतर ती डिस्कवरील एका लहानशा आज्ञावलीला उठविते. तिला बूट लोडर म्हणतात. हा लोडर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला पाटीवर आणतो. गाभा जागा झाला म्हणजे तो निरनिराळ्या उपकरणांशीं बोलणाऱ्या आज्ञावल्या, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, त्या एकेक करून हातीं घेतो. त्यानंतर पडद्यामागचीं इतर कामें सुरू होतात, आणि सर्वांत शेवटीं मनुष्याला त्याचें नांव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा दिसतो. ही सारी रचना मडक्यांच्या उतरंडीसारखी आहे. प्रत्येक मडकें खालच्या मडक्यावर उभें असतें. खालचें एक फुटलें, तर वरच्यांचा कांहींएक अपराध नसतांना तींही खालीं येतात.

उतरंड कोसळण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. डिस्क जुनी होऊन तिच्यावरील अक्षरें वाचेनाशीं होतात. एखादी नवी सुधारणा डिस्कवर लिहिली जात असतां मध्येंच वीज जाते आणि अर्धें पान जुनें, अर्धें नवें अशी वही तयार होते. एखादा नवा ड्रायव्हर सदोष निघतो, आणि तो गाभ्याच्या अगदीं शेजारीं बसत असल्यामुळें स्वतःबरोबर गाभ्यालाही खालीं ओढतो. या शेवटच्या कारणांत एक विशेष धोका आहे. चालू यंत्र एखाद्या दोषामुळें कोसळलें, तर तें बंद करून पुन्हां सुरू केल्यानें बहुधा ताळ्यावर येतें. कारण पाटी पुसली जाऊन नवा डाव सुरू होतो. परंतु दोष जर जागें होण्याच्या वाटेवरच बसलेला असेल, तर पुन्हां सुरू करणें म्हणजे पुन्हां त्याच खड्ड्यांत पाय घालणें होय. यंत्र उठतें, पडतें, आपोआप पुन्हां उठूं पाहतें, पुन्हां पडतें. आणि कोणी थांबविलें नाहीं तर हें असेंच चालू राहतें.

आतां मूळ प्रश्न असा कीं, प्रत्येक वेळीं कोऱ्या पाटीनें उठणाऱ्या या यंत्राला आपण यापूर्वींही पडलों होतों हें कळावें कसें? याचें उत्तर इतकें साधें आहे कीं तें एखाद्या खेड्यांतील घरांतही शोभावें. समजा, एका घरांतला मनुष्य रोज पहांटे रानांत जातो. जातांना तो दाराच्या चौकटीवर खडूची एक खूण करतो आणि परत आल्यावर ती पुसतो. घरचीं माणसें दिवसभर कामांत असतात. त्यांनीं त्याला जातां-येतांना पाहिलेलें नसतें. पण दिवेलागणीला चौकटीवर खूण तशीच दिसली, तर त्यांना समजतें कीं गेलेला मनुष्य परतलेला नाहीं. त्याला वाटेंत काय झालें हें खूण सांगत नाहीं. आणि खुद्द तो मनुष्य तर कांहींच सांगूं शकत नाहीं. परंतु तो संकटांत असावा आणि कंदील घेऊन बाहेर पडलें पाहिजे, एवढें निश्चित होतें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें नेमकी हीच युक्ति वापरली आहे. बूट लोडर गाभ्याला उठविण्यापूर्वीं डिस्कवर एक खूण करून ठेवतो. ‘उठण्यास आरंभ केला,’ एवढाच तिचा अर्थ. सर्व कांहीं ठीक झालें, तर परवलीचा शब्द विचारणारा पडदा येण्याच्या सुमारास विंडोज स्वतः ती खूण पुसून टाकते. यंत्र मध्येंच कोसळलें, तर पुसणारा कोणी उरत नाहीं, म्हणून खूण तशीच राहते. दुसऱ्या वेळीं लोडर जागा होऊन पाहतो तों कालची खूण जागच्या जागीं! त्यावरून मागचा प्रयत्न फसला असें तो अनुमान करतो. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, अपयशाची नोंद अपयश आल्यावर होत नाहीं. ती आधींच केलेली असते, आणि यश आलें तरच ती खोडली जाते. पडलेला मनुष्य पडल्यावर चिठ्ठी लिहूं शकत नाहीं, म्हणून चिठ्ठी निघण्यापूर्वींच लिहिली पाहिजे. डिस्कवरील मजकूर सांभाळणाऱ्या रचनेंतही हेंच तत्त्व पाळलेलें आढळतें. सन १९९३ मध्यें विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही पद्धति, किंवा सन २००१ मध्यें लिनक्समध्यें समाविष्ट झालेली ईएक्सटी-३ ही पद्धति, वहींतील महत्त्वाची नोंद बदलण्यापूर्वीं ‘आतां असा असा बदल करणार’ हें एका रोजनिशींत लिहून ठेवते. मध्येंच वीज गेली तर पुढच्या खेपेस रोजनिशी वाचून अर्धवट काम एकतर पुरें केलें जातें किंवा साफ रद्द केलें जातें.

मात्र खूण ही शेवटीं खूणच. ती कधीं खोटीही ठरते. यंत्र निर्दोष असून उठत असतांना केवळ वीज गेली, तरी खूण पुसावयाची राहून जाते. ज्या गांवांत विजेचा लपंडाव नेहमींचा आहे, तेथें एवढ्यावरूनच यंत्रानें स्वतःला रोगी समजावें हें बरें नव्हे. म्हणून विंडोजच्या अलीकडील आवृत्त्या एका अपयशानें घाबरत नाहींत. ओळीनें दोन वेळां उठण्याचा प्रयत्न फसला, तरच त्या दुरुस्तीच्या मार्गाला लागतात. जाणकार लोक या गोष्टीचा उपयोगही करून घेतात. यंत्र धड पडतही नाहीं आणि धड उठतही नाहीं असें झालें, म्हणजे ते तें सुरू होत असतांनाच बटण दाबून धरून दोन-तीनदां बंद करतात, म्हणजे तें आपण होऊन दुरुस्तीकडे वळतें.

अपयश ओळखल्यावर पुढें काय करावयाचें? याविषयीं आजवर तीन मार्ग मुख्यतः चालत आले आहेत, आणि तिन्ही मार्ग घरगुती शहाणपणाचेच आहेत. पहिला मार्ग पथ्याचा. आजारी मनुष्याला पक्वान्नें वर्ज्य करून पेजेवर ठेवतात, त्याप्रमाणें यंत्राला अगदीं आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन उठवावयाचें. पडद्यावरील चित्रें ओबडधोबड दिसतात, छपाई किंवा आवाज कदाचित् बंद असतो, पण यंत्र उभें राहतें आणि दोष काढून टाकण्यापुरती शुद्धि त्याला येते. यालाच सेफ मोड म्हणतात. सन १९९५ च्या विंडोजमध्यें तो होता, आणि आजही तो आहे.

दुसरा मार्ग जुनें न टाकण्याचा. नवें घर राहण्याजोगें आहे अशी खात्री पटेपर्यंत जुन्याचें छप्पर उतरूं नये, हा त्यांतला विचार. विंडोज एनटीमध्यें ज्या मांडणीनें यंत्र शेवटचें सुखरूप उठलें ती मांडणी निराळी जपून ठेवलेली असे, आणि नवी मांडणी फसली तर ती पुन्हां लावतां येई. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत गाभ्याची नवी आवृत्ति आली तरी मागची एखादी आवृत्ति यादींत शिल्लक ठेवतात. नवी उठली नाहीं तर मनुष्यानें जुनी निवडावयाची. फोनच्या बाबतींत हा विचार आणखी पुढें गेला. सन २०१६ मध्यें आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून फोनमध्यें ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय झाली. फोन एका प्रतीवर चालू असतां सुधारणा दुसऱ्या प्रतींत लिहिली जाते, आणि चालू प्रतीला कोणी हात लावीत नाहीं. पुढच्या खेपेस फोन दुसऱ्या प्रतीवरून उठूं पाहतो. तिला कांहीं ठराविक संधि दिलेल्या असतात, आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर त्यांतली एक कमी होते. सुखरूप उठून सर्व तपासणी झाली, तर त्या प्रतीवर ‘उत्तीर्ण’ असा शिक्का बसतो. संधि संपल्या आणि शिक्का बसला नाहीं, तर फोन मुकाट्यानें पहिल्या प्रतीवर परत येतो. फोनच्या मालकाला पुष्कळदां यांतलें कांहींच कळत नाहीं.

तिसरा मार्ग शेजाऱ्याचा. स्वतःच्या घराला आग लागली असतां घरांतल्याच विहिरीवर अवलंबून राहतां येत नाहीं. म्हणून डिस्कवर एका निराळ्या कप्प्यांत एक दुसरी, अगदीं लहान ऑपरेटिंग सिस्टिम ठेवलेली असते. मोठी पडली तर लोडर या धाकटीला उठवितो, आणि ती बाहेरून मोठीची नाडी पाहते, हरवलेल्या फाइली पुन्हां जागेवर ठेवते, किंवा नुकतीच झालेली सुधारणा काढून टाकते. विंडोजमध्यें ही योजना व्हिस्टा या आवृत्तीपासून आली, आणि सन २००९ च्या विंडोज ७ पासून ती बहुतेक संगणकांत आपोआप बसविली जाऊं लागली.

या तिन्ही मार्गांचें मोल किती, हें सन २००४ मधील एका प्रसंगावरून चांगलें कळून येतें. त्या वर्षीं जानेवारीच्या आरंभीं अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘स्पिरिट’ नांवाची सहा चाकी गाडी मंगळावर उतरली. सुमारें अडीच आठवडे तिनें उत्तम काम केलें. परंतु २१ जानेवारीला तिच्याकडून नीट संदेश येईनासा झाला. कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरींतील इंजिनियरांनीं तुटक-तुटक संदेशांवरून ताडलें कीं, गाडीवरचा संगणक पुनःपुन्हां कोसळत असून पुनःपुन्हां सुरू होत आहे. ही आवृत्ति साठांहून अधिक वेळां झाली होती. त्यांतही वाईट असें कीं, रात्रीं झोपावयाचें सोडून गाडी जागीच राहत होती आणि तिच्या बॅटऱ्या रिकाम्या होत होत्या. संदेश एका बाजूनें पोंचावयास सुमारें दहा मिनिटें लागत होतीं. हात लावून पाहावयास तेथें कोणी जाऊं शकत नव्हतें.

कारण सांपडलें तें अगदीं घरांतल्या अडगळीसारखें होतें. गाडींत २५६ मेगाबाइट क्षमतेची फ्लॅश नांवाची कायम टिकणारी स्मृति होती. सुमारें सात महिन्यांच्या प्रवासांत आणि नंतरच्या कामांत तिच्यांत पुष्कळ फाइली सांठल्या होत्या. संगणक उठतांना त्या सर्व फाइलींची यादी पाटीवर मांडून घेई. यादी वाढतां वाढतां तिच्यासाठीं राखलेली पाटीवरील जागा संपली. त्यामुळें संगणक कोसळला. कोसळला म्हणून पुन्हां उठला. आणि उठतांच पुन्हां तीच यादी मांडूं लागला! सुदैवानें गाडी बनविणाऱ्यांनीं एक पथ्याचा मार्ग आधींच ठेवला होता. उठतांना फ्लॅशच्या कोठाराकडे मुळींच पाहूं नये, केवळ पाटीवरच काम भागवावें, अशी आज्ञा देण्याची सोय त्यांत होती. पृथ्वीवरून ती आज्ञा गेली आणि स्पिरिट शुद्धीवर आली. नंतर इंजिनियरांनीं सावकाशपणें अडगळ काढली, कोठार पुसून नव्यानें मांडलें, आणि फेब्रुवारीच्या आरंभीं गाडी पुन्हां कामाला लागली. नव्वद मंगळ-दिवसांसाठीं पाठविलेल्या त्या गाडीचा शेवटचा संदेश मार्च २०१० मध्यें आला, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ ती बोलत राहिली. संकट येण्यापूर्वीं कोणीतरी त्या संकटाची कल्पना करून ठेवली होती, म्हणूनच हें शक्य झालें.

मंगळावरची गाडी पृथ्वीवर बसून उठवितां आली. पण पृथ्वीवरचीं यंत्रें उठवितांना मनुष्याची किती त्रेधा उडाली, हें वीस वर्षांनीं जगानें पाहिलें. शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठीं एक लहानशी माहितीची फाइल जगभर पाठविली. ही आज्ञावली घुसखोरांपासून संगणकाचें रक्षण करणारी. म्हणून ती गाभ्याच्या शेजारीं बसे आणि यंत्र उठतांना अगदीं लौकर जागी होई. नव्या फाइलीला एकवीस रकान्यांची माहिती हवी होती. आज्ञावली मात्र वीसच रकाने पुरवीत होती. एकविसावा रकाना शोधतांना तिनें आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतींत हात घातला, आणि तिच्यासह सारी विंडोज कोसळली. चूक लक्षांत येऊन ७८ मिनिटांनीं फाइल परत घेण्यांत आली. परंतु तेवढ्या अवधींत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लक्ष संगणक आडवे झाले होते. मुंबई, दिल्ली वगैरे विमानतळांवर रांगा लागल्या, आणि कित्येक प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. अमेरिकेंत कांहीं रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या.

येथें श्रोत्यांच्या मनांत शंका येईल कीं, वर सांगितलेल्या खुणा आणि ते तीन मार्ग या वेळीं कोठें गेले होते? खुणेनें आपलें काम केलें होतें. पुष्कळ यंत्रें दोन-तीनदां पडून धाकट्या ऑपरेटिंग सिस्टिमपाशीं येऊन थांबलीं होतीं. पण रोग आहे हें ओळखणें निराळें आणि कोणत्या अवयवांत आहे हें ओळखणें निराळें. विंडोजच्या स्वतःच्या फाइली शाबूत होत्या. दोष होता तो विश्वासानें आंत घेतलेल्या एका पाहुण्याच्या शिदोरींत. तो कोणता हें धाकटीला ठाऊक नव्हतें. शिवाय नवी फाइल येतांना जुनी प्रत बाजूला ठेवून ‘उत्तीर्ण’ शिक्क्याची वाट पाहण्याची सोयही नव्हती. उपाय अगदीं किरकोळ होता. सेफ मोडमध्यें यंत्र उठवावयाचें, आणि ती एक फाइल पुसावयाची. पण जें यंत्र उठतच नाहीं, त्याला दुरून आज्ञा पोंचत नाहीं. म्हणून तो उपाय प्रत्येक यंत्रापाशीं मनुष्यानें जाऊन करावयाचा होता. सन १९७५ मध्यें खटक्यांपाशीं बसणारा तो मनुष्य पन्नास वर्षांनीं पुन्हां बोलवावा लागला, आणि एका यंत्रापाशीं नव्हे, तर लक्षावधि यंत्रांपाशीं.

त्यांत आणखी एक अडसर होता. चोरानें डिस्क पळविली तरी तिच्यावरील मजकूर त्याला वाचतां येऊं नये, म्हणून अनेक कचेऱ्यांनीं डिस्कला बिटलॉकर नांवाचें कुलूप लावलेलें असतें. यंत्र नेहमींप्रमाणें उठलें तर तें आपोआप उघडतें. पण दुरुस्तीच्या दारानें आंत शिरावयाचें असेल, तर अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली मागितली जाते. ती किल्ली लिहून ठेवलेली नसेल, किंवा ज्या संगणकांत किल्ल्यांची यादी आहे तोच पडलेला असेल, तर उपाय माहीत असूनही हात बांधलेले राहतात. असें असूनही त्या दिवसांत सर्व देशांतील तंत्रज्ञांनीं रात्रीचा दिवस केला, आणि सुमारें दहा दिवसांनीं, त्या कंपनीच्या सांगण्याप्रमाणें, तिची आज्ञावली असलेल्या संगणकांपैकीं सुमारें ९९ टक्के पुन्हां चालू झाले.

या प्रसंगापासून संबंधितांनीं कांहीं बोध घेतला. क्राउडस्ट्राइकनें अशा फाइली सर्व जगाला एकदम न पाठवितां आधीं थोड्या यंत्रांवर व मग क्रमाक्रमानें पाठविण्याची रीति स्वीकारली. म्हणजे भात शिजला कीं नाहीं हें एका शितावरून पाहावयाचें, सारी पंगत बसवून नव्हे. मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर २०२४ मध्यें एक नवी योजना जाहीर केली. तिच्याप्रमाणें पडलेल्या यंत्रांतील धाकटी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच जाळ्याशीं जोडून घेऊन दुरुस्तीचा उपाय मागवूं शकते. स्पिरिटला जशी दुरून हांक पोंचली, तशी ती पडलेल्या विंडोजलाही पोंचावी, हा तिचा हेतु आहे.

सामान्य मनुष्यानें यांतून घ्यावयाचें तें थोडें, पण उपयोगाचें आहे. सुधारणा चालू असतां पडदा बराच वेळ हालला नाहीं, तरी उतावीळ होऊन वीज तोडूं नये. वहीचें पान अर्धवट राहतें तें बहुधा अशा वेळींच. यंत्र उठेनासें झालें, तर नुकतें जोडलेलें उपकरण प्रथम काढून पाहावें, आणि यंत्र स्वतः दुरुस्ती करूं लागलें तर त्याला पुरेसा वेळ द्यावा. या सर्व युक्त्या ऑपरेटिंग सिस्टिमला उठवितात. परंतु खुद्द डिस्कच निकामी झाली, तर तिच्यावरील पत्रें, हिशेब आणि नातवंडांचीं छायाचित्रें कोणतीही खूण परत आणूं शकत नाहीं. म्हणून त्यांची एक प्रत दुसऱ्या जागीं असावी. आणि यंत्राला कुलूप असेल, तर त्याच्या किल्लीचे अठ्ठेचाळीस आंकडे आजच, यंत्र सुरळीत उठत असतांनाच, एका कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहून ज्या कपाटांत घराचीं कागदपत्रें असतात तेथें ठेवावे. यंत्र पडल्यावर ते शोधूं म्हटलें तर ते त्या पडलेल्या यंत्रांतच राहिलेले असतात.